जरब पक्की असेल तर चिलखत कशाला? अण्वस्त्र, रासायनिक आणि जैविक हल्ल्यापासून बचावाबद्दल शंका

सांगाती

जुनाच घोळ आहे, पण नीट उलगडून सांगणारं कुणी भेटत नाही म्हणून इथे विचारतो.

डिटरन्सचा, म्हणजे जरबेचा, अर्थ मी असा घेतो: तू मारलंस तर मी असं मारीन की तुला परवडणार नाही. समोरच्याला हे पटलं असेल तर तो मारणारच नाही. मग क्षेपणास्त्रं पाडणाऱ्या यंत्रणा, गॅस मास्क, कोळशाचे सूट, विषावर उतारा म्हणून अ‍ॅट्रोपीनची इंजेक्शनं, तळघरं हा सगळा खटाटोप कशासाठी? आणि उलट बाजूने, ही यंत्रणा खरंच चालली तर जरब डळमळते असंही वाचलं. १९७२ च्या एबीएम (क्षेपणास्त्रविरोधी क्षेपणास्त्रांच्या) करारात अमेरिका आणि सोव्हिएत संघाने चक्क स्वतःच्या बचावावर मर्यादा घालून घेतली. स्वतःचं रक्षण करणं धोक्याचं, हे काही पचत नाही.

तिसरी शंका: अणु, रासायनिक आणि जैविक ही तिन्ही अस्त्रं एकाच माळेचे मणी असल्यासारखी मोजतात. तिघांना एकच तर्क लागू होतो का?

आकड्यांसकट सांगा, आणि कुठली गोष्ट कुठे फसते तेही. 'युद्धच नको' हे मला मान्य आहे, त्यावर प्रतिसाद खर्च करू नका.

---

दुर्बीण

तिसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण पहिल्या दोन्हींची किल्ली तिथेच आहे.

जरब दोन तऱ्हांनी बसते. एक शिक्षेची: मारलंस तर तुझंही काही उरणार नाही. दुसरी निष्फळतेची: मारलंस तरी तुझ्या हाती काही लागणार नाही. अण्वस्त्रांबाबत मुख्य भार पहिलीवर असतो, कारण दहातलं एक वॉरहेड (क्षेपणास्त्राच्या टोकावरचा बॉम्ब) आत शिरलं तरी शहर गेलं. रासायनिक अस्त्रांबाबत दुसरी जास्त चालते, कारण वेळेत मास्क आणि सूट चढवलेल्या सैन्यावर त्यांचा परिणाम फार कमी होतो. जैविक अस्त्रांबाबत दोन्ही लंगड्या आहेत; कारण मारलं कुणी हे कळायलाच वेळ लागतो.

आता १९७२. शिक्षेची जरब टिकते ती पहिला घाव सोसूनही उलट मारता येण्यावर. समजा माझ्याकडे २०० वॉरहेड आहेत आणि तुमच्याकडे १०० इंटरसेप्टर, म्हणजे येणारं क्षेपणास्त्र पाडणारी क्षेपणास्त्रं. मी आधी मारलं तर २०० च्या लोंढ्यापुढे तुमचं कवच फाटणार, हे दोघांनाही ठाऊक. पण तुम्ही आधी मारून माझी १८० वॉरहेड जमिनीवरच उडवलीत तर माझ्याकडे उरली २०. या २० विरुद्ध तेच १०० इंटरसेप्टर एकदम कामाचे होतात. म्हणजे हे कवच चांगलं चालतं ते आधी मारणाऱ्याच्या हातात. हे दिसल्यावर मी काय करणार? वॉरहेडची संख्या वाढवणार, नाहीतर तुमची क्षेपणास्त्रं उडाल्याचा इशारा मिळताच माझी उडवून मोकळा होणार. दोन्ही मार्ग दोघांनाही वाईट. म्हणून करारात प्रत्येकी दोन ठिकाणं आणि प्रत्येक ठिकाणी १०० इंटरसेप्टर अशी मर्यादा आली; १९७४ मध्ये ती एका ठिकाणावर आणली. अमेरिकेने नॉर्थ डकोटातली सेफगार्ड यंत्रणा १९७५ मध्ये पूर्ण चालू केली आणि काही महिन्यांत बंद केली. सोव्हिएत संघाने मॉस्कोभोवतीची ठेवली. २००२ मध्ये अमेरिका करारातून बाहेर पडली.

बचाव वाढला की मारा वाढतो याचं उदाहरण ब्रिटनचं आहे. मॉस्कोभोवतीच्या मोजक्या इंटरसेप्टरना चकवण्यासाठी ब्रिटनने शेव्हलीन प्रकल्प राबवला. पोलॅरिस क्षेपणास्त्रावर तीनऐवजी दोनच वॉरहेड ठेवली आणि मोकळ्या झालेल्या जागेत डिकॉय, म्हणजे चकवणारी खोटी लक्ष्यं, भरले. अफाट पैसा आणि बरीच वर्षं गेली, आणि ती यंत्रणा १९८२ मध्ये सेवेत आली.

इशारा मिळताच उडवण्याच्या धोरणाची जोखीमही कागदी नाही. ९ नोव्हेंबर १९७९ ला अमेरिकेच्या इशारा केंद्रात सरावाची माहिती खऱ्या यंत्रणेत शिरली आणि पडद्यावर मोठा हल्ला दिसू लागला. २६ सप्टेंबर १९८३ ला सोव्हिएत उपग्रहांनी पाच क्षेपणास्त्रं उडाल्याचं सांगितलं. ढगांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश होता तो. ड्यूटीवरचे अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव यांनी तो इशारा खोटा ठरवला. खरा पहिला हल्ला कुणी पाच क्षेपणास्त्रांनी करत नाही, हा त्यांचा एक तर्क, आणि रडारवर काहीच दिसत नव्हतं हा दुसरा. म्हणूनच इशारा यंत्रणेत दोन वेगळ्या भौतिक पद्धती ठेवतात: उष्णता पाहणारे उपग्रह आणि जमिनीवरची रडार. दोन्ही जुळल्याशिवाय खात्रीचा शिक्का नाही. आंतरखंडीय क्षेपणास्त्राला साधारण ३० मिनिटं लागतात, जवळ आलेल्या पाणबुडीवरून याहून बरीच कमी. त्यातून शोध, खातरजमा आणि आदेश पोचवणं वजा केलं की निर्णय घेणाऱ्याच्या वाट्याला मोजकी मिनिटं उरतात.

मग थोडं चिलखत कशाला? कारण शिक्षेची धमकी लहान हल्ल्यापुढे पोकळ वाटते. भारताच्या ४ जानेवारी २००३ च्या धोरणात पहिला वापर नाही असं म्हटलं आहे, पण मोठा जैविक किंवा रासायनिक हल्ला झाला तर अण्वस्त्रांनी उत्तर देण्याचा पर्याय राखून ठेवला आहे. 'मोठा' हा शब्द महत्त्वाचा. एका चौकीवर पडलेल्या चार रासायनिक तोफगोळ्यांसाठी कुणी अणुबॉम्ब टाकेल यावर शत्रू विश्वास ठेवणार नाही. ती पोकळी मास्कने भरायची असते.

---

रडारखोली

वरच्या प्रतिसादाशी सहमत. क्षेपणास्त्र पाडण्याचं गणित मांडतो, कारण 'यश ९० टक्के' अशा बातम्यांनी बराच गैरसमज होतो.

एका इंटरसेप्टरची लक्ष्य पाडण्याची शक्यता ५० टक्के धरा. एका वॉरहेडवर चार सोडले तर चारही चुकण्याची शक्यता ०.५ चा चौथा घात, म्हणजे ६.२५ टक्के. वॉरहेड पडण्याची शक्यता झाली ९३.७५ टक्के. ऐकायला छान. अमेरिकेच्या लांब पल्ल्याच्या यंत्रणेत ४४ इंटरसेप्टर आहेत, बहुतेक अलास्कात आणि थोडे कॅलिफोर्नियात. चारच्या हिशेबाने ते ११ वॉरहेडना पुरतात. अकराच्या अकरा पडण्याची शक्यता ०.९३७५ चा अकरावा घात, म्हणजे सुमारे ४९ टक्के. नाणं उडवल्यासारखंच. बाराव्या वॉरहेडसाठी काही शिल्लकच नाही.

यातही एक चोरवाट आहे. चार प्रयत्न एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं आपण गृहीत धरलं. पहिला इंटरसेप्टर डिकॉयला भुलला तर उरलेले तीनही त्यालाच भुलतील, कारण सेन्सर तेच आणि आज्ञावलीही तीच. अशा सामाईक चुकीपुढे चार काय नि चाळीस काय.

डिकॉय का चालतात ते पाहू. क्षेपणास्त्राचे तीन टप्पे. पहिला जळण्याचा, तीन ते पाच मिनिटं: ज्वाला ठळक दिसते, लक्ष्य मोठं आणि मंद, पण पाडणारा तिथून शेकडो किलोमीटरच्या आत असायला हवा आणि निर्णय जवळजवळ आपोआप घ्यायला हवा. दुसरा अवकाशातला, वीसेक मिनिटं: वेळ भरपूर, पण निर्वात जागेत हलका फुगा आणि जड वॉरहेड एकाच वाटेने, एकाच वेगाने जातात. वजनावरून ओळखता येत नाही. तापमान, डुलणं आणि रडारवरच्या खुणा यांवरून अंदाज बांधावा लागतो. तिसरा वातावरणात शिरल्यानंतरचा: हवा लागताच फुगे मागे पडतात आणि खरं वॉरहेड उघडं पडतं, पण तेव्हा वेग सेकंदाला ७ किलोमीटरच्या आसपास असतो आणि हातात एखादं मिनिटसुद्धा नसतं. त्यामुळे या टप्प्यातली बॅटरी फक्त आजूबाजूचा छोटा प्रदेश राखू शकते. सगळा देश झाकायचा तर अवकाशातच गाठावं लागतं, आणि नेमकं तिथेच ओळखणं सर्वांत अवघड.

पूर्वी यावर तोडगा म्हणून इंटरसेप्टरवरच अण्वस्त्र बसवत. सेफगार्डचे दोन्ही इंटरसेप्टर तसेच होते. फुगा की वॉरहेड हे न ओळखता सगळंच भाजून काढायचं. पण आपल्याच स्फोटाने आपलं रडार आंधळं होतं. उंचावरच्या स्फोटाचा दुसरा ताप ९ जुलै १९६२ च्या स्टारफिश प्राइम चाचणीत दिसला: ४०० किलोमीटर उंचीवर १.४ मेगाटनचा स्फोट, आणि सुमारे १,४०० किलोमीटरवरच्या हवाईत रस्त्यावरचे दिवे गेले. नंतर काही उपग्रहही निकामी झाले. त्यामुळे अमेरिकेने पुढे थेट टक्कर मारणारे इंटरसेप्टर बनवले.

टक्कर का, जवळ फुटणारं स्फोटक का नाही? रासायनिक वॉरहेड असेल तर हा प्रश्न जिवावरचा होतो. तुकड्यांनी क्षेपणास्त्र फाटलं पण आतला भाग शाबूत राहिला, तर ते पाडल्याची नोंद होते आणि विष मात्र खाली येतंच, फक्त ठिकाण बदलतं. शक्य तितक्या उंचावर, थेट टकरीने वॉरहेडच उद्ध्वस्त करणं हा त्यावरचा उपाय. थाड यंत्रणा ४० ते १५० किलोमीटर उंचीवर गाठते, पॅट्रियटचं पॅक-३ त्याच्या खाली. दोन थर ठेवण्याचं कारण म्हणजे वरचा चुकला हे कळून खालच्याला एक संधी मिळते. शिवाय दोघांचे सेन्सर वेगळे, त्यामुळे मघाची सामाईक चूक थोडी तुटते.

सॉफ्टवेअरची एक चूक तर या क्षेत्रात प्रत्येकाला तोंडपाठ असते. २५ फेब्रुवारी १९९१, इराकविरुद्धचं आखाती युद्ध, सौदी अरेबियातलं धाहरान. पॅट्रियटचा संगणक वेळ दशांश सेकंदात मोजायचा. ०.१ हा आकडा द्विमान पद्धतीत नेमका बसत नाही, २४ बिटांत कापावा लागतो. प्रत्येक मोजणीत चूक नगण्य, पण बॅटरी सलग सुमारे १०० तास चालू राहिली आणि चूक साचून ०.३४ सेकंद झाली. त्यामुळे येणारं इराकी स्कड क्षेपणास्त्र जिथे दिसायला हवं तो चौकोन ६०० मीटरहून जास्त सरकला. रडारने रिकाम्या जागी पाहिलं आणि लक्ष्य सोडून दिलं. २८ सैनिक मेले. दुरुस्त आज्ञावली दुसऱ्या दिवशी पोचली. अधूनमधून यंत्रणा बंद करून पुन्हा सुरू केली असती तरी घड्याळ शून्यावर आलं असतं. पण किती तासांनी करायचं हे सूचनेत स्पष्ट नव्हतं.

त्याच युद्धातला एक विनोदी भाग: इराकने पल्ला वाढवण्यासाठी लांबवलेली अल हुसेन क्षेपणास्त्रं परतताना हवेतच तुटायची. तुकडे आपसूक डिकॉय झाले आणि वॉरहेड मळसूत्रासारखं फिरत खाली यायचं. ढिसाळ कारागिरीनेच पॅट्रियटला चकवलं.

---

सांगाती

दोघांचेही आभार. '२० उरली की कवच कामाचं' हे पहिल्यांदाच नीट कळलं. आता रासायनिक बाजू कुणी सांगेल का? मास्क-सूट घातला की परिणाम फार कमी, हे इतकं सोपं आहे? तसं असेल तर रासायनिक अस्त्रं वापरतंच कोण?

---

कोळशाची_गाळणी

वापरतो तो, ज्याच्या समोरच्याकडे मास्कही नाही आणि उलट मारण्याची ताकदही नाही. इतिहास हेच दाखवतो. १९३५-३६ मध्ये इटलीने इथिओपियात त्वचेवर फोड आणणारा मस्टर्ड वायू वापरला. १९८० च्या दशकात इराकने इराणवर आणि १६ मार्च १९८८ ला हलब्जात स्वतःच्याच कुर्द नागरिकांवर. २१ ऑगस्ट २०१३ ला सीरियात दमास्कसजवळ घूतामध्ये सारिन हे मज्जाविष, म्हणजे नसांचं काम बिघडवणारं विष. उलट दुसऱ्या महायुद्धात जर्मनीकडे ताबून आणि सारिन ही मज्जाविषं असूनही रणांगणावर वापरलं नाही. समोर साठेही होते आणि मास्कही. मात्र उलट मारण्यासाठीचा साठा स्वतःच जीव घेतो, हे २ डिसेंबर १९४३ ला इटलीतल्या बारी बंदरात दिसलं. जर्मन बॉम्बफेकीत 'जॉन हार्वी' हे अमेरिकी जहाज बुडालं, त्यावर गुपचूप आणलेले मस्टर्डचे बॉम्ब होते. डॉक्टरांना माहीतच नव्हतं, म्हणून तेलात आणि विषात भिजलेल्या खलाशांना त्याच कपड्यांत ब्लँकेटमध्ये गुंडाळून ठेवलं गेलं. ६०० हून अधिक जण बाधित झाले.

मास्क सोपा नाही. क्रमाने सांगतो.

मास्कच्या डबीत दोन थर असतात. कण अडवणारा कागदी थर आणि सक्रिय कोळसा. नुसता कोळसा जड रेणू धरतो. हायड्रोजन सायनाइडसारखे हलके रेणू निसटतात, म्हणून कोळशात तांबं, चांदी, जस्त आणि मॉलिब्डेनम यांची संयुगं भरतात. दमट हवेत सील उघडं राहिलं की कोळसा ओलावा पितो आणि क्षमता उतरते. डबी कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही आणि ऑक्सिजन तयार करत नाही. आग लागलेलं तळघर किंवा बंद टाकी इथे मास्क म्हणजे खोटा दिलासा. तिथे पाठीवरचं सिलिंडरच हवं.

सगळ्यात जास्त गळती डबीतून नाही, चेहऱ्याच्या कडेने होते. दोन दिवसांची खुंटंसुद्धा सील तोडतात. सैनिकाने श्वास रोखून, डोळे मिटून ९ सेकंदांत मास्क चढवायचा असतो, मग बाहेर फुंकून आतली हवा काढायची, मग डबीचं तोंड तळव्याने झाकून श्वास ओढायचा. मास्क चेहऱ्याला चिकटून बसला तर सील ठीक. आणि डबीचं बंद झाकण काढलं का ते पाहायचं! १९९१ मध्ये इस्राएलमध्ये वायुहल्ल्याच्या भीतीने झाकण न काढताच मास्क घातलेले काही नागरिक गुदमरून मेले. विष तिथे पडलंच नव्हतं.

सूट म्हणजे कोळशाचा थर असलेला डगला आणि विजार, वर रबरी हातमोजे आणि बुटांवरची आवरणं. मस्टर्ड १९१७ मध्ये बेल्जियममधल्या यप्रच्या रणांगणावर आलं ते यासाठीच की नुसत्या मास्कने त्वचा वाचत नाही. अमेरिकी सूटचं प्रमाण असं: पाकीट फोडल्यावर स्वच्छ हवेत एकूण ४५ दिवस वापर, पण विष लागलं की २४ तासांत बदल. डिझेल आणि तेल लागलं की कोळसा भरून जातो, म्हणून वाहन दुरुस्ती करणाऱ्यांचे सूट सर्वांत आधी बाद होतात.

खरा शत्रू उष्णता. पूर्ण पोशाखात हलक्या कामाला उष्मा निर्देशांकात सुमारे ५.५ अंश सेल्सिअस आणि मध्यम किंवा जड कामाला सुमारे ११ अंश वाढवून धरतात. म्हणजे बाहेर ३० असेल तर खोदकाम करणाऱ्याचं शरीर ४१ चा मार खातं. तासातली दहा मिनिटं काम आणि पन्नास मिनिटं विश्रांती अशी वेळ येते. पाणी मास्कच्या नळीतून घोटघोट, पण तासाला दीड लिटरच्या पुढे नाही, नाहीतर रक्तातलं सोडियम उतरतं. त्यात दिसतं कमी, ऐकू कमी येतं, हातमोज्यांत बोटं जाड. शत्रूने एकही थेंब न टाकता फक्त शंका पेरली तरी तुमच्या तुकडीचं काम निम्म्यावर येतं. त्यामुळे 'सगळ्यांनी सगळं घाला' हा आदेश देणारा अधिकारी कच्चा. पोशाखाचे टप्पे धोक्याप्रमाणे चढवायचे आणि उतरवायचे असतात.

उतरवायचे कधी, हे शोधयंत्रं सांगतात आणि तीही फसवतात. थेंबाला लावायचा कागद मज्जाविषांच्या एका गटाला पिवळा, दुसऱ्याला गडद हिरवा आणि मस्टर्डसारख्या फोड आणणाऱ्यांना लाल होतो. तो ब्रेक ऑइल, अँटिफ्रीझ, कीटकनाशक मलम यांनाही रंग बदलतो. वायू त्याला कळत नाही. म्हणून कागद, वायूचा संच आणि यंत्र यांपैकी दोन जुळल्याशिवाय 'सुरक्षित' म्हणायचं नाही. रडारखोली यांच्या दोन पद्धतींच्या नियमाची हीच धाकटी आवृत्ती.

औषधं. मज्जाविषासाठी मांडीच्या बाहेरच्या बाजूला आपोआप टोचणारं इंजेक्शन: अ‍ॅट्रोपीन सुमारे २ मिलिग्रॅम आणि प्रॅलिडॉक्सिम ६०० मिलिग्रॅम. दाबून १० सेकंद धरायचं, गंभीर लक्षणांना तीनपर्यंत, सोबत झटक्यांसाठी डायझेपाम. प्रॅलिडॉक्सिम विषाने पकडलेलं एन्झाइम सोडवतं, पण काही काळाने ती पकड कायमची होते. सारिनमध्ये हा काळ काही तासांचा, सोमान या दुसऱ्या मज्जाविषात जेमतेम दोन मिनिटांचा. म्हणून सोमानचा धोका असेल तर पायरिडोस्टिग्मिनची ३० मिलिग्रॅमची गोळी दर ८ तासांनी आधीपासून. ती एन्झाइमचा थोडा भाग तात्पुरता अडवून राखून ठेवते. एकट्या गोळीचा उपयोग शून्य, नंतरची इंजेक्शनं हवीतच. आणि विष नसताना घाबरून अ‍ॅट्रोपीन टोचलं तर घाम बंद होतो. सूटच्या आत घाम बंद म्हणजे उष्माघात.

---

शंकेखोर

दुर्बीण, शिक्षेच्या धमकीने रासायनिक हल्ला रोखला याचं उदाहरण म्हणून १९९१ चा इराक सगळीकडे दिला जातो. तुम्ही दिला नाहीत हे बरं केलंत, पण कुणीतरी देईलच, म्हणून आधीच लिहून ठेवतो.

जानेवारी १९९१ मध्ये जिनिव्हात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री बेकर यांनी इराकचे परराष्ट्रमंत्री तारिक अझीझ यांच्यापुढे अध्यक्ष बुश यांचं सद्दामला लिहिलेलं पत्र ठेवलं. अझीझ यांनी ते वाचलं आणि सोबत न्यायला नकार दिला. पत्रात तीन गोष्टी बजावल्या होत्या: रासायनिक-जैविक अस्त्रं वापरू नका, कुवेतच्या तेलविहिरी उद्ध्वस्त करू नका, दहशतवादी कृत्यं करवू नका. इराकने विष वापरलं नाही, पण तेलविहिरी शेकड्यांनी पेटवल्या. एकच पत्र, एकच धमकी, निकाल मात्र वेगवेगळे. मग विष न वापरण्याचं श्रेय धमकीला द्यायचं, की समोरच्या सैन्याकडे मास्क-सूट होते याला, की इराकी तोफखान्याची दळणवळण व्यवस्थाच मोडली होती याला?

---

दुर्बीण

रास्त मुद्दा. न घडलेल्या गोष्टीचं कारण सिद्ध करता येत नाही, ही या विषयाची जुनी खोड. माझं मत असं की धमकी नेमकी किती मोठी असेल हे संदिग्ध होतं, आणि विहिरी पेटवल्याबद्दल बगदादवर अणुबॉम्ब पडेल यावर सद्दामचा विश्वास नव्हता. विष वापरलं तर काय होईल याची त्याला तितकी खात्री नसावी. म्हणजे एकाच धमकीत न पटणाऱ्या अटी कोंबल्या की पटणारीचंही वजन घटतं. लाल रेघा कमी आणि जाड असाव्यात, यापलीकडे या उदाहरणातून मी काही काढणार नाही.

---

सूक्ष्मदर्शी

जैविक बाजू राहिली.

इथे घाव आणि वेदना यांत दिवसांचं अंतर असतं. अँथ्रॅक्सचे बीजाणू हवेत सोडले तर कुणाला काही कळत नाही. काही दिवसांनी ताप, खोकला आणि छातीत दुखणं घेऊन रुग्ण येतात, आणि तेही वेगवेगळ्या रुग्णालयांत. हवेचे नमुने घेणारी यंत्रं आहेत, पण गाळणी काढून प्रयोगशाळेत नेऊन तपासण्यात साधारण १२ ते ३६ तास जातात. ते मास्क घालण्यासाठी नाहीत, औषध वेळेत वाटण्यासाठी आहेत. खरा इशारा बहुधा एखादा जागरूक डॉक्टर किंवा प्रयोगशाळेतला तंत्रज्ञच देतो.

जरब लंगडी पडते ती 'कुणी' या प्रश्नावर. २००१ मध्ये अमेरिकेत टपालातून अँथ्रॅक्स आलं, २२ जण आजारी पडले, ५ मेले. अमेरिकेच्याच एका संरक्षण प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञाचं नाव संशयित म्हणून जाहीर व्हायला २००८ उजाडलं. उलट मारायला सात वर्षं थांबणारी धमकी कुणाला भिववेल? आणि कराराला दात नाहीत. जैविक अस्त्रबंदी करार १९७५ पासून लागू आहे, पण त्यात तपासणीची तरतूदच नाही. सोव्हिएत संघ सही करूनही कार्यक्रम चालवत राहिला. १९७९ मध्ये स्वेर्दलोव्स्कच्या लष्करी संस्थेतून अँथ्रॅक्स निसटून किमान ६६ माणसं मेली, आणि सरकार दूषित मांसाला दोष देत राहिलं. रासायनिक करार मात्र १९९७ पासून तपासणीसह चालतो, आणि जाहीर केलेले सगळे साठे जुलै २०२३ पर्यंत नष्ट झाले. जाहीर केलेले, हे अधोरेखित करा.

म्हणून इथे निष्फळतेची जरबच वाढवायची: लस, प्रतिजैविकांचा साठा आणि तो वाटण्याची सवय. शेवटचं सर्वांत कच्चं असतं. अँथ्रॅक्सच्या संपर्कात आलेल्याला ६० दिवस गोळ्या घ्याव्या लागतात, कारण फुफ्फुसातले बीजाणू आठवडे सुप्त राहू शकतात. २००१ मध्ये हा कोर्स सांगितलेल्यांपैकी निम्म्याहून कमी लोकांनी पूर्ण केला. गोदामात औषध असणं आणि माणसाच्या पोटात जाणं यांत फार मोठी दरी आहे. देवीबाबत थोडी सवड मिळते: संपर्कानंतर तीन-चार दिवसांत लस दिली तरी आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो.

---

सांगाती

शेवटचं विचारतो. अण्वस्त्राबाबत 'एक आत आलं की शहर गेलं' म्हणता, मग तळघरं आणि आयोडीनच्या गोळ्या नुसता दिखावा का?

---

रडारखोली

स्फोटाच्या जवळ असाल तर तळघराने फार फरक पडत नाही. पण जमिनीलगत स्फोट झाला तर वाऱ्याच्या दिशेने शेकडो किलोमीटर किरणोत्सारी धूळ पडते, आणि त्या पट्ट्यातली माणसं घरात बसून वाचू शकतात. हवेत उंच स्फोट झाला तर अशी धूळ बरीच कमी.

सातचा नियम लक्षात ठेवा: वेळ सातपट झाला की किरणोत्सार दहाव्या हिश्शावर येतो. स्फोटानंतर १ तासाने १,००० एकक असेल तर ७ तासांनी १००, ४९ तासांनी १०, आणि साधारण दोन आठवड्यांनी १. म्हणून पहिले २४ तास आत बसणं सर्वांत मोलाचं, पुढचे २४ त्याखालोखाल. अडचण अशी की लोक पहिल्याच तासात मुलांना आणायला, गाडी काढायला बाहेर पडतात, म्हणजे सगळ्यात वाईट वेळी. नियमाची मर्यादाही आहे: धूळ पडणं थांबल्यानंतरच आणि एकाच स्फोटाला तो लागू होतो.

भिंतीचं गणितही सोपं. या किरणांना अर्ध्यावर आणायला सुमारे ६ सेंटिमीटर काँक्रीट किंवा ९ सेंटिमीटर दाबलेली माती लागते. ३० सेंटिमीटर काँक्रीट म्हणजे पाच वेळा अर्धं, बत्तिसावा हिस्सा. उंच इमारतीत तळघर नसेल तर मधल्या मजल्यांची मधली खोली घ्या. धूळ छतावर आणि जमिनीवर साचते, दोन्हींपासून लांब राहायचं. बाहेरून आलात तर वरचे कपडे दाराशीच उतरवा, बहुतेक धूळ त्यांच्याबरोबर जाते. साबणाने धुवा, पण केसांना कंडिशनर लावू नका, त्याने कण केसांना धरून बसतात.

आयोडीनची गोळी फक्त थायरॉइड वाचवते, तेही फक्त किरणोत्सारी आयोडीनपासून. प्रौढाला १३० मिलिग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, संपर्काआधी किंवा पहिल्या काही तासांत. उशीर झाला की उपयोग झपाट्याने घटतो. मुलांना आणि गर्भवतींना आधी द्यावी, चाळिशीपुढच्यांना फायदा कमी. बाहेरून येणाऱ्या गॅमा किरणांवर ती काहीच करत नाही. सिझियम पोटात गेलं असेल तर प्रशियन ब्लू, प्लुटोनियमला डीटीपीए, तेही डॉक्टरांच्या हातून.

---

कोळशाची_गाळणी

वरच्या प्रतिसादाला एक पुरवणी, कारण इथे लोक हमखास गल्लत करतात. तळघर फॉलआउटसाठी, म्हणजे किरणोत्सारी धुळीसाठी. रासायनिक हल्ल्यात तळघर हा सापळा आहे, कारण लष्करी विषांचे वायू हवेपेक्षा जड असतात (हायड्रोजन सायनाइड हा अपवाद) आणि खाली साचतात. तेव्हा वरच्या मजल्यावरची, कमी खिडक्यांची आतली खोली घ्यायची, पंखे आणि वातानुकूलन बंद करायचं, फटी प्लॅस्टिक आणि चिकटपट्टीने बुजवायच्या. माणशी साधारण १ चौरस मीटर जागा पाच तासांच्या हवेला पुरते, त्यापलीकडे कार्बन डायऑक्साइड चढू लागतो. आणि ढग निघून गेला की ती खोली लगेच उघडायची, कारण तोवर थोडं विष आत झिरपलेलं असतं आणि बाहेरची हवा आतल्यापेक्षा स्वच्छ झालेली असते.